घट बसवताना बियाणं मोजून पेरा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटाखाली मातीत धान्य पेरायची रीत महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकरी घरांत आहे. पण ती नेमकी याच दिवसांत का, हे फारसं कुणी विचारत नाही. रब्बीचं धान्य फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरून घरात येतं, उन्हाळा कोरडा काढतं आणि मग चार महिने पावसाळी हवेत पडून राहतं. बियाणं बिघडतं ते याच चार महिन्यांत. दाणा हवेतला ओलावा ओढून घेतो, त्याची आतली ताकद खर्च होऊ लागते, गव्हाला सोंडे लागतात, हरभऱ्याला भुंगा. पाऊस ओसरल्यावर आणि पेरणीची पाभर रानात जाण्याआधी त्याच बियाण्यातली मूठभर मातीत टाकून नऊ दिवस बघितली, तर पोत्यात काय शिल्लक आहे ते कळतं. घट म्हणजे उगवण चाचणीच आहे. पूजा मनोभावे होते, निकाल मात्र वाचायचा राहून जातो, कारण धान्य मोजून पेरलेलं नसतं.

पूजेच्या परडीला हात न लावता, तिच्या शेजारी मोजलेली परडी कशी ठेवायची ते पुढे दिलं आहे.

आधी तारीख बघा

नवरात्र तिथीनं येतं, पेरणी मात्र ओलीवर आणि थंडीवर ठरते. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती ११ ऑक्टोबरला आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळातली. नवरात्र उशिरा येणाऱ्या वर्षी घटातल्या ज्वारीचा निकाल हाती येईपर्यंत पेरणीची वेळ टळलेली असते. अशा वर्षी ज्वारीची चाचणी भाद्रपदातच, गौरी-गणपतीच्या सुमारास उरकावी. कोरडवाहू हरभऱ्याचंही थोडंफार तसंच आहे. ओलिताचा हरभरा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचा गहू यांना मात्र घटाची वेळ कोणत्याही वर्षी सोयीची पडते, कारण निकाल वाईट आला तरी दुसरं बियाणं शोधायला दोन-तीन आठवडे मिळतात.

बियाणं निवडू नका

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती श्रद्धेपोटी होते. देवीपुढे ठेवायचं म्हणून टपोरे, डाग नसलेले दाणे वेचून घेतले जातात. असे दाणे उगवणारच, पण पोत्यातल्या उरलेल्या मालाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. पूजेच्या परडीत वेचलेले दाणे खुशाल टाका. मोजायच्या परडीसाठी मात्र पोत्यात वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ घ्या, पोती अनेक असतील तर प्रत्येकातून घ्या, सगळं सुपात एकत्र करा आणि डोळे झाकून घेतल्यासारखे सलग १०० दाणे मोजा. भुंग्यानं पोखरलेला दाणा हाताला आला तर तोही धरायचा. पेरताना तुम्ही फुटके आणि पोचट दाणे पाखडून काढणार असाल, तर चाचणीआधीही तेवढंच पाखडा, त्याहून जास्त नको.

पोत्याचा तळ विसरू नका. जमिनीवर टेकलेल्या पोत्यात ओल खालून चढते आणि बुरशी तळातल्या दाण्यांना आधी धरते.

बाजारातलं लाल-गुलाबी रंग लावलेलं बियाणं घरातल्या घटात टाकू नये. त्याला विषारी औषध चोळलेलं असतं आणि घटाचं धान पुढे माणसं डोक्यात माळतात, टोपीत खोवतात, लहान मुलं हाताळतात. त्याची चाचणी ओसरीत वेगळी करा.

परडी, माती, घट

वेळूची परडी किंवा पळसाची पत्रावळ सर्वांत चांगली, कारण जादा पाणी खालून निथळून जातं. हल्ली बऱ्याच घरी स्टीलचं ताट किंवा प्लॅस्टिकचा ट्रे वापरतात. त्यात पाणी तळाशी साचतं आणि हरभरा हमखास सडतो. मग दोष बियाण्यावर येतो.

एक फूट व्यासाच्या परडीत सहा सेंटिमीटर थर द्यायला साधारण पाच किलो माती लागते, आणि अडीच सेंटिमीटर अंतरावर १०० दाणे तेवढ्या जागेत बसतात. म्हणजे एका परडीत एकच पीक. गहू, ज्वारी आणि हरभरा तिन्ही तपासायचे असतील तर भाजीचं प्लॅस्टिक क्रेट घ्या, आतून गोणपाट लावा, माती भरा आणि ज्वारीच्या धांडाच्या फोका आडव्या टेकवून तीन वाफे पाडा. सप्तधान्य एकत्र विस्कटून टाकलं की गव्हाचं आणि जवाचं रोप वेगळं ओळखणं कठीण जातं.

माती शेतातली, चार बोटं खालची. नुसती काळी माती पाणी पडलं की चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात, म्हणून दोन भाग मातीत एक भाग वाळू किंवा चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, त्यानं बुरशी धरते. ढेकळं फोडून घ्या. माती इतकी ओली हवी की मुठीत दाबली तर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी ओघळू नये.

मातीबाबत अलीकडे एक नवी भानगड आहे: तणनाशक. मक्यात अ‍ॅट्राझीन फवारलेल्या रानातली माती असेल तर हरभरा आधी चांगला उगवतो आणि मग पानं कडेनं पिवळी पडून करपतात. शंका असेल तर एक वाफा रानातल्या मातीचा आणि एक वाफा न फवारलेल्या बांधावरच्या मातीचा, असे दोन करा, बियाणं तेच ठेवा आणि दसऱ्यानंतर आणखी आठवडाभर दोन्ही उन्हात राहू द्या. बांधाच्या मातीत पीक हिरवं राहिलं आणि रानाच्या मातीत करपलं, तर बियाणं निर्दोष आहे, त्या रानात यंदा काय पेरायचं याचा विचार करावा लागेल.

घट मातीचा, न रंगवलेला घ्या. भाजलेल्या लाल मडक्यातून पाणी पाझरतं आणि भोवतीची माती आपोआप ओली राहते. तांब्याचा कलश किंवा ऑइलपेंटनं रंगवलेला घट पाझरत नाही, त्यामुळे तिथे हातानं पाणी शिंपडावं लागतं. नवं मडकं आदल्या रात्री भरून ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर ते पाझरतंय. पाझराचा तोटाही आहे. घटाला टेकलेली माती चिखल होते आणि परडीची कड कोरडी राहते, म्हणून घटापासून दोन बोटं आणि कडेपासून दोन बोटं सोडून मधल्या कड्यात पेरावं. मोजायच्या परडीत मडकं ठेवूच नये, पाणी हातानंच द्यावं.

पेरणी, पाणी, दिवा

खोली दाण्याच्या आकारावर ठरते. हरभरा तीन सेंटिमीटर, गहू आणि ज्वारी दोन, करडई दोन, जवस आणि तीळ जेमतेम अर्धा ते एक. वर टाकून नुसती माती भुरभुरली तर हरभऱ्याचा दाणा उघडा पडतो आणि त्याचं मूळ मातीत शिरण्याऐवजी दाण्यालाच वर उचलतं. दाणे रात्रभर भिजवून पेरायची सवय असेल तर हरभऱ्यासाठी ती सोडा. जुना हरभरा एकदम पाणी ओढतो, आतली डाळ तडकते आणि उगवण मुळात आहे त्याहून कमी दिसते.

दहा ओळी, प्रत्येकीत दहा दाणे. मोजायला सोपं आणि कुठली ओळ मुंग्यांनी नेली तेही कळतं. मुंग्या येतातच, विशेषतः जवस-तिळाला. क्रेटच्या चारी कोपऱ्यांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

पाणी रोज एकदा, माळ घालायच्या वेळी, शिंपडून. फूटभर परडीला अर्धी वाटी पुरते. वरची माती बोटाला ओलसर लागत असेल तर त्या दिवशी पाणी नको. घरातली प्रत्येक बाई येता-जाता घटावर पाणी शिंपडते, म्हणून कुणी एकानं ते अंगावर घेतलेलं बरं.

अखंड दिवा परडीपासून वीतभर लांब हवा. जवळ असला तर त्या बाजूची माती सुकते आणि रोपं होरपळतात. रोपं दिव्याकडे किंवा खिडकीकडे झुकली तर त्यात शकुन-अपशकुन काही नाही, उजेड जिकडे तिकडे कोंब वळतो. देवघरातलं धान पिवळंजर्द येतं तेही उजेड नसल्यामुळे. उगवणीच्या टक्केवारीला त्यानं बाधा येत नाही, पण रोप किती जोमदार आहे हे अंधारात कळत नाही, कारण उजेड शोधत सगळीच रोपं उंच आणि लुसलुशीत होतात. क्रेट ओसरीत, जिथे दिवसभर उजेड पण दुपारचं ऊन नाही, अशा जागी ठेवावं.

कोणत्या माळेला काय मोजायचं

दोनदा मोजायचं: पाचव्या माळेला आणि आठव्या माळेला. घटातलं धान दसऱ्याआधी उपटत नाहीत, म्हणून मोजलेल्या रोपाशेजारी खराट्याची काडी खोचून ठेवा.

गहू, जव, हरभरा, जवस आणि मूग यांचा शेवटचा आकडा आठव्या माळेला धरता येतो. ज्वारीला दहा दिवस द्यावेत. करडई उशिरा फुटते, तिला चौदा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून दसऱ्याला करडईचा वाफा उचलून फेकू नका.

काय मोजायचं याबाबत कडक राहा. मातीतून वर आलेलं प्रत्येक टोक म्हणजे उगवण नव्हे. मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असलेलंच रोप धरायचं. हरभऱ्याचा शेंडा काळा पडलेला, कोंब वळून गाठ झालेला, गव्हाचं पान कोंबाच्या आवरणातून बाहेरच न आलेलं, मूळ तपकिरी होऊन कुजलेलं, असली रोपं वेगळी मोजा आणि टक्केवारीतून वगळा. रानात ती जगत नाहीत.

पाचव्या आणि आठव्या माळेच्या आकड्यांतलं अंतरही बोलकं आहे. पाचवीला ७८ आणि आठवीला ८६ म्हणजे बियाण्यात जोम आहे. पाचवीला ४० आणि आठवीला ८५ म्हणजे शेवटचा आकडा चांगला दिसला तरी दाणा म्हातारा झालाय. असं बियाणं भरपूर ओल असलेल्या रानात, उथळ पेरलं तर साधतं. खोल गेलं किंवा वर पपडी धरली तर फसतं.

हिशोब

प्रमाणित बियाण्याची किमान उगवण गव्हाला आणि हरभऱ्याला ८५ टक्के, ज्वारीला ७५, करडईला आणि जवसाला ८० टक्के धरतात. आपला आकडा कमी आला तर एकरी बियाणं वाढवायचं. शिफारशीतले किलो गुणिले किमान उगवण, भागिले आपली उगवण. गव्हाला एकरी ४० किलो आणि उगवण ७० आली, तर ४० गुणिले ८५ भागिले ७०, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस किलो.

हे गणित एका मर्यादेपर्यंतच चालतं. उगवण ६० च्या खाली गेली की जास्त बियाणं टाकून भरपाई होत नाही, कारण जे उगवतं तेही अशक्त असतं. असा माल दळायला पाठवा, पण भुंगा किंवा बुरशी लागलेला नसेल तरच. आणि १०० दाण्यांच्या चाचणीत पाच-सात टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानं पडतो. ८२ आणि ८६ यांत डावं-उजवं करू नका. आकडा काठावर असेल तर आणखी १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि आठव्या दिवशी मोजा. बीज परीक्षण प्रयोगशाळेत ४०० दाणे घेतात ते याच कारणासाठी.

कमी आलं तर का, ते शोधा

न उगवलेले दाणे उकरून बघा. दाणा कोरडा आणि कडक असेल तर पाणी पोचलं नाही, चाचणीच चुकली. दाबल्यावर दाण्यातून पांढरा लगदा निघाला तर तो पेरताना मेलेलाच होता. दाण्यावर हिरवट-काळी बुरशी असेल तर आणखी एक परीक्षा करावी लागते. त्याच बियाण्याचे ५० दाणे ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी) किलोला पाच ग्रॅम या प्रमाणात चोळून आणि ५० तसेच, शेजारी-शेजारी पेरा. चोळलेल्यांची उगवण स्पष्ट वाढली तर बुरशी बहुधा वरवरची आहे आणि बीजप्रक्रिया करून ते बियाणं वापरता येतं. दोन्ही सारखेच कमी आले तर बियाणं बदला.

वेगवेगळ्या पोत्यांतले दाणे एकत्र केले होते आणि निकाल खराब आला, तर प्रत्येक पोत्याची वेगळी चाचणी करा. बरेचदा भिंतीला टेकलेलं एकच पोतं बिघडलेलं निघतं.

ज्या धान्याचा घट चांगला येतो ते पीक यंदा साधतं, असं घरोघरी म्हणतात. अर्धं खरं आहे. घट बियाण्याबद्दल बोलतो, पावसाबद्दल किंवा भावाबद्दल नाही.

घट उठल्यावर

रोपं टोपीत, वेणीत माळून झाली की उरलेलं धान जनावरापुढे टाकायचा मोह होतो. त्यात ज्वारी असेल तर टाकू नका. ज्वारीच्या कोवळ्या रोपात असं द्रव्य असतं की ते चावलं गेलं की हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. शेळी-करडाला थोडंही बाधू शकतं. गव्हांकुराचा रस काढणाऱ्यांनीही मिश्र धान्याच्या घटाला हात लावू नये. माती परत रानात न्या आणि धान त्यातच पुरून टाका. नदीत सोडायचं कारण नाही. सोडलंच तर नायलॉनचा दोरा, चमकी आणि प्लॅस्टिकची परडी आधी काढा.

दसऱ्याच्या सोन्याचाही प्रश्न याच दिवशीचा. बाजारात आपट्याच्या नावानं येणारा पाला बऱ्याचदा कांचनाचा असतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि मऊ. दोन्ही झाडांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. चार पानं खुडली तर झाडाला काही होत नाही, फांदी मोडली तर जखमेतून कीड शिरते. गडचिरोलीच्या माडिया गोंडांत मरका पंडुम हा आंब्याचा सण झाल्याशिवाय आंबा तोडत नाहीत, आणि तोडीला असा लगाम घालणारे नेम आदिवासी सणांत जागोजागी आहेत. दसऱ्यात तसा नेम नाही, म्हणून तो गावानं घालून घ्यावा: पान खुडायचं, फांदी नाही. आपटा लावायचा असेल तर वाळलेल्या शेंगा झाडावर महिनोन्महिने टिकतात. त्यातलं बी काढा, कढत पाण्यात टाकून तसंच रात्रभर ठेवा आणि पावसाच्या सुरुवातीला पिशवीत लावा.

कोकणात याच पंधरवड्यात, दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत, नवं बांधतात: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान. लोंब्या आणायला रानात जाताच त्या वेळी पुढच्या वर्षाचं बियाणंही निवडून ठेवा, कारण कापणी झाली की उंची, निसवण्याचा (लोंबी बाहेर पडण्याचा) दिवस, रोग, हे काहीच दिसत नाही. बांधापासून तीन मीटर आत शिरा. वाणाच्या सरासरीसारख्या दिसणाऱ्या, निरोगी झाडांच्या लोंब्या घ्या, केवळ सर्वांत मोठ्या नव्हेत; फार वेगळं दिसणारं झाड बहुधा भेसळीचं असतं. अडीचशे लोंब्यांचं साधारण अर्धा किलो बियाणं होतं. गावठी वाण जिवंत ठेवायला एवढं पुरेसं आहे. त्याची झोडणी बाकीच्या भाताआधी, स्वच्छ ताडपत्रीवर करा, कारण भातात भेसळ होते ती मुख्यतः खळ्यावर.

चाचणीत चांगलं ठरलेलं बियाणं पुढच्या पावसाळ्यातून वाचवायचं तर ते भरतानाच कोरडं हवं: गहू १२ टक्के ओलाव्याखाली, हरभरा ९ च्या. घरी दाताखाली धरून बघतात. दाणा कट्‌कन फुटला तर भरा, दबला तर आणखी दोन उन्हं द्या. कणगी शेणामातीनं सारवून पूर्ण वाळलेली हवी, ओली कणगी ओल परत दाण्याला देते. थोडं बियाणं असेल तर मडक्यात चाळलेली राख मिसळून, तोंड मातीनं लिंपून ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बँक उभी केली ती असल्याच साधनांवर. संकरित वाणाचं बियाणं मात्र घरी धरू नका, पुढच्या पिढीत सगळं विखरून येतं.

खरिपाच्या बियाण्याला हीच रीत आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा मृगाच्या दोन आठवडे आधी लावा. सोयाबीनला तर ती चुकवूच नये. त्याचं साल पातळ असतं, मळणीयंत्रात फेरे जास्त ठेवले की आतून तडा जातो आणि तो वरून दिसत नाही. किमान उगवण ७० टक्के धरतात आणि एकरी ३० किलो लागतं. ७० च्या खाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवा, ६० पर्यंत, आणि तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका.